भीतीचा रकाना

गोताडबाई आमच्या कारखान्यात पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. आधी छताकडे पाहिले, मग जमिनीकडे, मग दाराकडे. त्यानंतर नमस्कार केला. पुढे त्यांना मी अनेक ठिकाणी शिरताना पाहिले. बँकेत, दवाखान्यात, एकदा लग्नाच्या हॉलमध्ये. क्रम कधी बदलला नाही. वरून काय पडेल, खाली काय घसरेल आणि पळायची वेळ आली तर वाट कुठे आहे, हे समजल्याशिवाय त्यांना माणसांची तोंडे दिसत नसत.

मी भाईंदर पूर्वेला स्टीलची भांडी करणाऱ्या कारखान्यात व्यवस्थापक होतो. परदेशी खरेदीदारांना दाखवण्यासाठी मालकांना, म्हणजे नवीनशेठना, कारखान्याची फिल्म हवी होती. तसे काम करणारी तीनचार माणसे येऊन गेली होती. सगळ्यांच्या अंगावर काळे कपडे होते आणि सगळे शेठच्या हो ला हो म्हणत होते. मग या बाई आल्या. वय पन्नाशीच्या आसपास, सुती सलवार-कमीज, पायात जाड तळाचे बूट. खांद्यावर कापडी पिशवी. तिच्यात एक लाल वही, बॅटरी, पिवळ्या चिकटपट्टीचे रीळ आणि खजुराची पुडी. जन्म रत्नागिरीकडचा, वस्ती मीरा रोडला, आणि धंद्याची सुरुवात एका स्टुडिओत लग्नाच्या कॅसेटी जोडण्यापासून. याहून अधिक मी विचारले नाही व त्यांनी सांगितले नाही.

शेठनी आपली कल्पना मांडली. "मॅडम, दहा मिनिटांची फिल्म पाहिजे. आधी ड्रोन. मग मंदिर, मग माझ्या बापुजींचा फोटो, मग मशीन, आणि लास्टला सगळे वर्कर लोक हात हलवतात. एकदम फर्स्ट क्लास."

बाई म्हणाल्या, "ती बघून झाल्यावर बघणाऱ्यानं काय करायचं?"

"म्हणजे?"

"म्हणजे रडायचं, टाळ्या वाजवायच्या, की ऑर्डर द्यायची?"

"ऑर्डरच ना! दुसरं काय?"

"मग ड्रोन कशाला? तो ताटं घेणार आहे, छप्पर नाही."

शेठ हसले. मी हसलो नाही. पण बाईंना खुर्ची पुढे केली.

दोन दिवसांनी त्यांनी खर्चाचा अंदाज आणला. तीन पानी, हाताने लिहिलेला, सुवाच्य. दहा मिनिटांची फिल्म अडीच मिनिटांवर आणली होती. दोनऐवजी एकच कॅमेरा. भाड्याचे दिवे जवळजवळ सगळे काढलेले. "सकाळी अकराला तुमच्या पॉलिशच्या जागेवर छताच्या पत्र्यातल्या फटीतून ऊन येतं. ते घेऊ. सूर्याला भाडं नाही." असे त्या म्हणाल्या, आणि शेठना त्या फार आवडल्या. मात्र दोन गोष्टी त्यांनी मुळीच कमी केल्या नव्हत्या. एक पूर्ण दिवस 'बिनकॅमेऱ्याचा' म्हणून मांडला होता. आणि शेवटच्या पानावर एक स्वतंत्र रकाना होता. त्यावर लिहिले होते: भीती.

"ये क्या है?" शेठ म्हणाले. "बाकी लोक इथे 'इतर खर्च' लिहितात."

"इतर म्हणजे काय ते कुणाला ठाऊक नसतं, म्हणून पहिलं तेच कापतात. हे कापताना काय कापतोय ते कळलं पाहिजे."

त्या रकान्यात वायरींवर घालायच्या रबरी पट्ट्या होत्या, घाई होऊ नये म्हणून दोन जादा तास होते, आणि एक मोठी बाब होती. चार नंबरच्या प्रेसला पारदर्शक जाळी.

हे थोडे सांगावे लागेल. प्रेस म्हणजे ताट दाबणारे यंत्र. खालच्या साच्यावर पोलादाची गोल चकती ठेवायची, हात बाहेर काढायचा, पायाने पेडल दाबायचे. वरचा साचा खाली येतो आणि चकतीचे ताट होते. हात आत असताना पेडल दाबले गेले तर हाताचेही तेच होते. म्हणून पुढे लोखंडी जाळी असते. चकती तिच्या खालच्या फटीतून चिमट्याने सरकवतात. ताट तयार होतानाचा क्षण शेठना फिल्ममध्ये हवा होता, आणि तो जाळीमागे झाकला जात होता. बाईंचे म्हणणे असे की तेवढ्या भागाला मजबूत पारदर्शक पत्रा बसवावा. हात राखला जाईल, ताटही दिसेल.

शेठनी आकडा पाहिला आणि मग माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, आहे ती जाळी पुरेशी आहे, चित्रण बाजूने करता येईल. हे मीच म्हणालो.

बाईंनी ती ओळ खोडली. "चालेल. पण मग साचा स्पष्ट दिसणार नाही. आणि दिसत नाही म्हणून ऐन वेळी कुणी जाळीला हात लावायचा नाही."

"मी आहे," मी म्हणालो.

त्यांनी लाल वही उघडली आणि मला दिसेल असे लिहिले: चार नंबर. परुळेकर साहेब आहेत.

बिनकॅमेऱ्याच्या दिवशी त्या सकाळी आठला हजर झाल्या. हातात फक्त वही. कामगारांत कुजबुज झाली की मॅडम सर्वे करतेय, आता माणसे कमी करणार. त्या प्रत्येकापाशी थांबल्या आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: "तुला इथे कशाची भीती वाटते?" पहिले चारपाच जण हसले. दुपारपर्यंत माणसे आपण होऊन सांगू लागली. पॉलिशवाल्याने सांगितले की फिरत्या चाकात बाही ओढली जाईल असे त्याला रोज वाटते. पॅकिंगमधल्या हिराबाईंनी खोक्यांच्या थप्पीकडे बोट दाखवले. चार नंबरवर रामधनी होता. सोळा वर्षे तोच होता. तो म्हणाला, "मशीन से नहीं, मॅडम. जब कोई देखता है, तब."

"देखता है तो क्या होता है?"

"हाथ अलग चलता है."

बाईंनी ते वाक्य लिहून घेतले. मग त्या माझ्या टेबलापाशी आल्या. "साहेब, तुम्हाला?"

"मला कशाचीही नाही."

त्यांनी माझे नाव लिहिले आणि पुढची जागा कोरी ठेवली.

संध्याकाळी साडेचारला सर्वांना एकत्र बोलावले. बाईंची एक रीत होती. चित्रीकरण कुठेही असो, त्याशिवाय कॅमेरा पिशवीतून बाहेर निघत नसे. तिचे नियम तीन. चित्रीकरण चालू असताना कुणीही, अगदी कुणीही, 'थांबा' म्हणू शकतो. तो शब्द आला की सर्वांनी आहे तिथे थांबायचे, आणि म्हणणाऱ्याला कारण विचारायचे नाही. पुन्हा सुरुवात होईल ती त्याच माणसाने 'चला' म्हटल्यावर. एवढे सांगून भागत नसे. प्रत्येकाने मालकासमोर उभे राहून तो शब्द एकदा मोठ्याने उच्चारायचा. "मालकाला थांबा म्हणायची जिभेला सवय नसते," त्या म्हणत. "ऐन वेळी नवा शब्द तोंडात येत नाही."

शेठ मजेत होते. हात मागे बांधून ते भिंतीपाशी उभे राहिले. एकेक जण पुढे आला. रामधनी 'थाम्बा' म्हणाला, ते मान्य झाले. हिराबाईंची पाळी आली तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावला. त्या भाईंदरजवळच्या मोरव्याच्या, जुन्या गावातल्या. कारखान्यात अकरा वर्षे होत्या, आणि शेठ समोरून आले तर भिंतीला चिकटून उभ्या राहत.

"मना न्हाय जमत, बाई. शेटला कसा सांगू?"

"शेठना नका सांगू. मागच्या भिंतीला सांगा. शेठ मध्ये उभे आहेत तो त्यांचा दोष."

सगळे हसले. शेठही हसले. हिराबाई पहिल्यांदा पुटपुटल्या. दुसऱ्यांदा शब्द पदरात अडकला. बाई म्हणाल्या, "पुन्हा." तिसऱ्यांदा असा आवाज निघाला की मागे हातातले काम उरकत असलेल्या पॉलिशवाल्याने चाक बंद केले.

शेवटी बाई माझ्याकडे वळल्या.

"मी इथला व्यवस्थापक आहे," मी म्हणालो. "मला थांबवायचे असेल तर मी बटण दाबतो."

"आणि बटण हाताशी नसेल तेव्हा?"

मी घड्याळ पाहिले. त्यांनी आग्रह केला नाही. पुढे बरेच दिवस मी त्यांनाच त्याचा दोष देत राहिलो.

चित्रीकरणाचा दिवस चांगला सुरू झाला. अकरा वाजता खरोखरच पत्र्यातून ऊन आले आणि ताटांच्या थप्पीवर असे पडले की आम्ही रोज तिथे वावरणारे लोकही पाहत राहिलो. शेठ इंग्रजीतले भाषण पाठ करून आले होते. ते तीनदा अडखळले. बाईंनी कागद काढून घेतला आणि विचारले, "शेठ, पहिलं ताट कुणाला विकलं?" शेठ मध्येच गुजरातीत, मध्येच मराठीत दहा मिनिटे बोलले, त्यांचे डोळे ओले झाले आणि कॅमेरा चालू आहे हे ते विसरले. त्यातली वीस सेकंदे फिल्ममध्ये आहेत. तेवढीच पुरतात.

दुपारी चार नंबरच्या प्रेसची पाळी आली. कॅमेऱ्यावर इम्तियाज नावाचा त्यांचा जुना माणूस होता. बाईंना पुढची जागा पाहण्यासाठी पॅकिंगच्या पलीकडे जायचे होते. त्या इम्तियाजला म्हणाल्या, "जाळीबाहेरूनच घे." मग मला म्हणाल्या, "साहेब, तुम्ही आहात ना?"

"आहे."

त्या गेल्या. पाच मिनिटांत शेठ एका पाहुण्याला घेऊन आले. कॅमेऱ्याला जोडलेल्या पडद्यावर त्यांनी पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. "परुळेकर, ये तो जेल जैसा दिखता है. दोन मिनिटं काढा ना जाळी. दोनच मिनिटं."

त्या प्रेसमागच्या भिंतीवर पाटी होती: जाळीशिवाय यंत्र चालवू नये. खाली माझी सही होती. मी फिटरला हाक मारली. चार बोल्ट होते. ते निघायला एक मिनिटही लागले नाही.

रामधनीने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली.

पहिले ताट चांगले निघाले. दुसरेही. शेठ म्हणाले, "चिमटा नको. हाताने कर. हाताची कला दिसली पाहिजे." रामधनीने चिमटा बाजूला ठेवला. तिसरी चकती त्याने हाताने आत ठेवली. ती थोडी तिरकी बसली होती, म्हणून तो ती बोटांनी सारखी करत होता. तेवढ्यात शेठ म्हणाले, "रामधनी, इधर देख. थोडा हँस."

तो कॅमेऱ्याकडे पाहून हसला. त्याचा उजवा हात आत होता. त्याचा पाय पेडलकडे जात होता.

मी बाजूला चार फुटांवर उभा होतो. हात आणि पाय दोन्ही मला दिसत होते. बटण रामधनीच्या पलीकडे होते. शब्द मला ठाऊक होता. आदल्याच संध्याकाळी तो मी तीसेक माणसांच्या तोंडून ऐकला होता. माझे तोंड उघडले, हे मला आठवते. जीभ टाळूला चिकटली होती. समोर शेठ होते, पाहुणा होता, कॅमेरा चालू होता, आणि जाळी मीच काढायला लावली होती. या सगळ्याचा विचार करण्याइतका वेळ त्या एका क्षणात होता, याचे मला अजून भय वाटते.

"थांबा!"

खांबापाशी हिराबाई उभ्या होत्या. हातातला पॅकिंगचा कागद खाली पडून पसरला होता.

रामधनीचा पाय पेडलच्या वर, वीतभर अंतरावर, तसाच राहिला. मग त्याने हात बाहेर काढला. तो हात त्याने आधी पालथा पाहिला, मग उताणा.

"क्या हुआ? कोण ओरडलं?" शेठ म्हणाले.

इम्तियाजने कॅमेऱ्यावरून डोळा न काढता म्हटले, "शेठ, पूछना नहीं है."

बाई आल्या. त्यांना धावताना मी तेवढे एकदाच पाहिले. त्यांनी छत पाहिले, जमीन पाहिली, उघडे यंत्र पाहिले, फिटरच्या तळहातावरचे चार बोल्ट पाहिले. शेवटी माझ्याकडे पाहिले. विचारले काही नाही. नियम त्यांचाच होता. त्या जाऊन हिराबाईंच्या शेजारी उभ्या राहिल्या. आता 'चला' म्हणणे हिराबाईंच्या हाती होते, आणि हिराबाई बोलत नव्हत्या. तीस माणसे, एक मालक आणि एक पाहुणा जागच्या जागी उभे होते. शेठनी दोनदा घसा खाकरला. कुणी हलले नाही.

बऱ्याच वेळाने हिराबाई म्हणाल्या, "आधी जाली लावा. मंग चला."

त्या दिवशी पुढे काम झाले नाही. संध्याकाळी फाटकाजवळच्या बाकावर बाई चहा घेऊन बसल्या होत्या. मी जाऊन उभा राहिलो.  त्यांनी कप खाली ठेवला.

"माझ्या पहिल्या बजेटात उंच शिडीचं भाडं होतं," त्या रस्त्याकडे पाहत म्हणाल्या. "क्लायंट म्हणाला, थोडं कमी करा. मी शिडी कापली. लाइटवाला पत्र्यावर चढला. पत्रा जुना होता."

"वाचला?"

"नाही."

मग त्या म्हणाल्या, "मी खालीच उभी होते, साहेब. पत्रा वाकलेला मला आधी दिसला होता. क्लायंट बाजूला होता. मी नवीन होते. तोंडातून आवाज निघाला नाही."

त्यांनी वही उघडून ती ओळ माझ्यासमोर धरली. परुळेकर साहेब आहेत. "म्हणून मी पॅकिंगकडे गेले," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपे गेले असते.

दुसऱ्या दिवशी शेठनी कुणी न सांगता पारदर्शक पत्रा मागवला. फिल्ममधला तो क्षण त्या पत्र्यातूनच घेतलेला आहे. चकती, साचा, आणि जाळीबाहेर राहिलेला हात. खरेदीदाराने पहिला प्रश्न विचारला तो असा, की बाकीच्या यंत्रांनाही अशी जाळी आहे काय. शेठनी महिन्याभरात सहाही यंत्रांना बसवली आणि ती कल्पना आपलीच होती असे सांगू लागले. बाईंनी ते कधी दुरुस्त केले नाही.

काही काळाने मी निवृत्त झालो. भाईंदर पश्चिमेला तिसऱ्या मजल्यावर आमचे घर. एका सकाळी बाई दारात. छत, जमीन, दार, आणि मग माझ्या पत्नीला नमस्कार.

"साहेब, भीतीच्या रकान्यात एक माणूस घातलाय. दिवसभर नुसतं बघायचं. कॅमेरा जिकडे बघत नाही तिकडे."

"मी?" मी म्हणालो. "मी त्या दिवशी बोललो नव्हतो."

"म्हणून तर. तुम्हाला आता नीट भीती वाटते."

पत्नी स्वयंपाकघरातून म्हणाली, "घेऊन जा यांना. घरात बसून पंख्याच्या हुकाकडे बघत असतात."

तीनचार वर्षे मी त्यांच्याबरोबर हिंडलो. चेण्याजवळच्या एका रिसॉर्टच्या मालकाला तलावाकाठी घोडा, कारंजे आणि नाचणाऱ्या मुली हव्या होत्या. बघणाऱ्याने काय करायचे, हाच प्रश्न बाईंनी त्यालाही विचारला, आणि शेवटी त्याच्या फिल्ममध्ये एक स्वच्छ खोली, एक वाफाळते ताट आणि फाटकापासूनचा रस्ता एवढेच राहिले. पाली या किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या गावात एका बर्फाच्या कारखान्याचे काम होते. मालकाला आपली मुलगी होडीच्या टोकावर उभी असलेली हवी होती. बाईंनी होडीला लागणारी जॅकेटे, दुसरी होडी आणि एक पोहणारा माणूस हे सर्व भीतीच्या रकान्यात मांडले. मालकाने बेरीज पाहिली आणि मुलगी जमिनीवर आली. त्याऐवजी आम्ही गल्लीतून घसरत जाणारी बर्फाची लादी घेतली. गल्ली इतकी अरुंद की लादी आली की दुचाक्या भिंतीला लागत. तिथे शब्दाचा सराव करून घेताना गल्लीतल्या बायकाही जमल्या होत्या. ऐन चित्रीकरणात ओट्यावरून एक म्हातारी ओरडली, "थांबा!" बर्फ थांबला, दुचाक्या थांबल्या, इम्तियाज थांबला. म्हातारीने सावकाश उठून आत जाऊन पाणी प्यायले, परत येऊन बसली, आणि म्हणाली, "हां. चला." बर्फ वितळत होता. मालक दात खात होता. बाईंनी कारण विचारू दिले नाही. ते आम्हाला आजही ठाऊक नाही.

माझे काम उभे राहण्याचे होते. हात मागे, पाठ भिंतीला. वायर कुठे ताणली आहे, पोर कुठे बसले आहे, स्टँडचा पाय कुठे आहे. मला तो शब्द उच्चारण्याची वेळ एकदाही आली नाही, आणि प्रत्येक दिवशी ती येईल असे मला वाटे. आली तर पुन्हा तोंड कोरडे पडेल, असेही वाटे. संध्याकाळी बाई वही मिटत म्हणत, "आज तुमचा उपयोग झाला नाही, साहेब. छान झालं."

मग कामे कमी होत गेली. दुकानदार स्वतःच्या फोनवर चित्रीकरण करू लागले. निवेदनाचा आवाज यंत्र देऊ लागले, पुढे चित्रेही. इम्तियाज दुसरीकडे गेला. बाईंच्या पिशवीचा बंद तुटला होता, तो त्यांनी पिवळ्या चिकटपट्टीने जोडला होता. त्या तक्रार करत नसत. खजूर मात्र आता एका वेळी एकच खात.

नवीनशेठ अंथरुणाला खिळले होते. कारखाना त्यांचा मुलगा परेश पाहत होता. त्याने नव्या फिल्मसाठी बाईंना बोलावले. चार महिन्यांत त्यांच्याकडे दुसरे काम आले नव्हते, हे मला ठाऊक होते. त्या म्हणाल्या, "सोबत या." मी गेलो.

कार्यालय नवे होते, काचेचे. परेशने अंदाज वाचला. मुलगा उद्धट नव्हता. "मॅडम, पप्पा तुमचं नाव घेतात, म्हणून मी पहिला कॉल तुम्हालाच केला. पण दुसरी पार्टी याच्या अर्ध्यात करून देतेय."

"मी अजून थोडं कमी करते. एडिटिंगचा एक दिवस काढते."

"ते नको. क्वालिटी पाहिजे." त्याने शेवटच्या पानावर बोट ठेवले. "हे काढा ना. एक दिवस बिनकॅमेऱ्याचा, आणि हा भीतीवाला कॉलम. एक माणूस फक्त उभा राहणार? हे काढा, मी आत्ता सही करतो."

बाईंनी कागदाकडे पाहिले. त्या वाद घालतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी वाद घातला नाही. पिशवीतून पेन काढले, टोपण उघडले आणि पेनचे टोक त्या रकान्यावर आणले. मला रामधनीचा त्या दिवशीचा पाय दिसला, पेडलकडे जाणारा. माझे तोंड उघडले. जीभ टाळूला चिकटली. तेच सगळे पुन्हा झाले, त्याच क्रमाने.

"थांबा," मी म्हणालो.

आवाज मोठा नव्हता. म्हाताऱ्याचा आवाज.

परेश दचकला. "क्या हुआ, अंकल?"

"कारण विचारायचं नसतं," बाई म्हणाल्या. त्यांनी पेनला टोपण लावले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

आम्ही तिघे बसून राहिलो. परेशने फोन पाहिला, मग मला पाहिले, मग बाईंना. 'चला' म्हणणे आता माझ्या हाती होते. मी म्हणालो नाही. मी त्यांचे चार महिन्यांतले एकमेव काम घालवीत होतो आणि ते मला पूर्ण कळत होते.

"मग मी हे 'नाही' समजू का, मॅडम?" शेवटी परेश म्हणाला.

बाईंनी कागदाची घडी केली आणि उठल्या.

बाहेर पडायची वाट प्रेसच्या विभागातून जाते. चार नंबरवर रामधनीच होता. केस पिकले होते. पारदर्शक पत्र्यावर चरे पडले होते, पण आतले दिसत होते. आम्ही आल्याचे त्याला जाणवले असावे, तरी त्याने लगेच वर पाहिले नाही. ताट बाहेर काढले, चिमटा ठेवला, पाय पेडलवरून मागे घेतला, आणि मग डोके वर करून हात उंच केला, बोटे पसरून. बाईंनी त्या हाताकडे थोडा वेळ पाहिले. मोजल्यासारखे पाहिले.

त्यानंतर महिन्याभराने त्यांनी मीरा रोडची जागा सोडली. रत्नागिरीकडे बहिणीकडे गेल्या असे इम्तियाजकडून कळले. त्यांचा नंबर आता लागत नाही. मी केले ते बरोबर होते की नाही, याचा मी अजून विचार करतो, आणि उत्तर आले तर काय, याची भीती वाटते.

परेशकडून निघालो त्या दिवशी फाटकाबाहेर मी रिक्षा थांबवली. बाई बसल्या नाहीत. पिशवी पोटाशी धरून उभ्या राहिल्या. रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, बैठो ना, पीछे गाड़ी है."

"जाईल रिक्षा," मी म्हणालो.

"तुम्ही अजून 'चला' म्हणाला नाहीत, साहेब."

मागची गाडी भोंगा वाजवीत होती. मला तो शब्द उच्चारायचा नव्हता. पण नियम त्यांचा होता, आणि तो पाळणारे आता आम्ही दोघेच उरलो होतो.

"चला," मी म्हणालो.

त्यांनी रिक्षाचे छत पाहिले, खाली पाय ठेवायची जागा पाहिली, पलीकडचा दांडा पाहिला. मग मला नमस्कार केला आणि आत बसल्या.